पहिली बोट घेताना

वॉटर स्कीइंग किंवा हवा भरलेल्या ट्यूबवरील सफरीसाठी घेतलेली बोट मोटारीसारखी भासते. परंतु तिला ब्रेक नसतात. म्हणूनच ती चालवण्याइतकेच तिचे इंजिन केव्हा बंद करावे, हे शिकणे महत्त्वाचे ठरते.

निघण्यापूर्वी : बोटीच्या तळाच्या छिद्राचे बूच घट्ट बसवावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंदिस्त इंजिनकक्षाच्या तळाशी साचते आणि ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे इंधन भरल्यावर तेथील पंखा किमान ४ मिनिटे चालवावा, वास येत नसल्याची खात्री करावी आणि मगच इंजिन सुरू करावे. इंधनाचा एक तृतीयांश साठा राखीव ठेवावा.

पाण्यावर : प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट असावे. इंजिन बंद करणारी सुरक्षा-दोरी चालकाने अंगाला अडकवावी. तो पाण्यात पडल्यास इंजिन थांबते. चालकाने पुढे पाहावे, ओढल्या जाणाऱ्या व्यक्तीवर दुसऱ्याने नजर ठेवावी. तिला बोटीत घेताना इंजिन नुसते न्यूट्रलमध्ये न ठेवता पूर्ण बंद करावे. इंजिन सुरू असताना मुलांना मागील फळीवर बसू देऊ नये; तेथे रंग-गंध नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो.

परतल्यावर : खाऱ्या पाण्यातून आल्यास इंजिन गोड्या पाण्याने धुवावे.

नद्या व खाड्यांतील यांत्रिक बोटींना अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो. नोंदणीची पूर्तता आधीच करावी. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात बोट किनाऱ्यावरच ठेवणे शहाणपणाचे.