बेस्ट, पीट

(२४ नोव्हेंबर १९४१ – ). इंग्लिश ड्रमवादक. लिव्हरपूलच्या ‘द बीटल्स’ या बँडमध्ये ऑगस्ट १९६० ते ऑगस्ट १९६२ ही दोन वर्षे ते ड्रम वाजवत होते. बँडला नाव मिळवून देणारी ‘लव्ह मी डू’ ही तबकडी निघण्याच्या सात आठवडे आधी त्यांना काढून टाकण्यात आले.

त्यांचा जन्म मद्रासचा (आताचे चेन्नई). मूळ नाव रँडॉल्फ पीटर स्कॅनलँड. आई मोना दिल्लीत जन्मलेल्या. जहाजावर इंजिनियर असलेले वडील दुसऱ्या महायुद्धात मरण पावले. पुढे मोना यांनी जॉनी बेस्ट यांच्याशी लग्न केले आणि १९४५ मध्ये हे कुटुंब लिव्हरपूलला गेले. वेस्ट डर्बी भागातील हेमन्स ग्रीनवरचे मोठे व्हिक्टोरियन घर मोना यांनी घेतले, ते दागिने गहाण टाकून १९५४ च्या डर्बी शर्यतीत ‘नेव्हर से डाय’ या घोड्यावर पैसे लावून जिंकलेल्या रकमेतून, असे कुटुंबीय सांगतात. घराच्या तळघरात त्यांनी तरुणांसाठी ‘कॅस्बा कॉफी क्लब’ काढला. २९ ऑगस्ट १९५९ रोजी, उद्घाटनाच्या रात्री तेथे पुढे ‘बीटल्स’ झालेले ‘क्वॉरिमेन’ वाजवायला होते. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन त्यात होते. मॅकार्टनी यांनी रंगवलेले इंद्रधनुष्यी छत तळघरात आजही पाहायला मिळते.

त्यानंतर पीट ‘ब्लॅकजॅक्स’ या बँडमध्ये वाजवू लागले होते आणि आईने घेऊन दिलेला ड्रमसंच त्यांच्याजवळ होता. ऑगस्ट १९६० मध्ये बीटल्सना जर्मनीतील हॅम्बुर्गचे काम मिळाले, पण ड्रमवादक नव्हता. घाईघाईत झालेल्या चाचणीनंतर पीट यांना घेतले गेले. त्यांच्या वादनाइतकाच त्यांचा ड्रमसंचही या निवडीत महत्त्वाचा होता. हॅम्बुर्गमध्ये रोज चार-साडेचार तास आणि शनिवार-रविवारी त्याहून जास्त वेळ वाजवावे लागे. मुक्काम एका चित्रपटगृहाच्या पडद्यामागील अंधाऱ्या खोल्यांत. खोली सोडताना उजेडासाठी भिंतीवर काहीतरी पेटवल्यावरून मालकाने आग लावल्याची तक्रार केली, आणि मॅकार्टनी व बेस्ट यांची रवानगी पोलीसचौकीत आणि मग इंग्लंडला झाली. दारू पिऊन आरडाओरडा करणाऱ्या श्रोत्यांसमोर आवाज पोहोचावा म्हणून पायाच्या मोठ्या ड्रमवर चारही मात्रांना ठोका देण्याची बेस्ट यांची पद्धत हॅम्बुर्गमध्येच पक्की झाली. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबमध्ये ती लोकांना फार आवडली. अबोल आणि देखणे बेस्ट मुलींमध्ये विशेष लोकप्रिय होते.

६ जून १९६२ रोजी लंडनमध्ये ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत बँडची चार गाणी ध्वनिमुद्रित झाली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना ड्रमवादन पसंत पडले नाही. मुद्रणासाठी आपण बाहेरचा वादक घेऊ, असे त्यांनी व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांना कळवले. बँडमधून कोणाला काढा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. निमित्त मात्र मिळाले. १६ ऑगस्टला एपस्टाइन यांनी बेस्ट यांना आपल्या कार्यालयात बोलावून निर्णय सांगितला. बाकीचे तिघे तेथे आलेच नाहीत. बेस्ट यांचा मित्र आणि बँडची गाडी चालवणारा नील अ‍ॅस्पिनॉल मात्र बीटल्सकडेच राहिला आणि पुढे त्यांच्या ‘अ‍ॅपल’ कंपनीचा प्रमुख झाला. बेस्ट यांच्या जागी रिंगो स्टार आले. कॅव्हर्नमध्ये चाहत्यांनी बेस्ट यांच्या नावाच्या घोषणा दिल्या, झटापटीत हॅरिसन यांचा डोळाही सुजला.

काढण्याची कारणे म्हणून चाहत्या मुलींवरून वाटणारा मत्सर, मोना यांची कारभारातील ढवळाढवळ, बेस्ट यांचे इतरांत न मिसळणे अशी बरीच सांगितली जातात. जूनमधले ‘लव्ह मी डू’ मात्र आज ऐकता येते, आणि त्यात मधल्या कडव्यापाशी लय सरळसरळ डळमळते. हॅम्बुर्गच्या गोंगाटात खपून जाणारे वादन मायक्रोफोनसमोर उघडे पडले, हेच कारण सर्वांत वजनदार वाटते. अर्थात मार्टिन यांनी ११ सप्टेंबरला स्टार यांनाही बाजूला ठेवून अँडी व्हाइट यांच्याकडून तेच गाणे वाजवून घेतले आणि स्टार यांच्या हाती खंजिरी दिली, हेही विसरता येत नाही.

बेस्ट नंतर ‘ली कर्टिस अँड द ऑल-स्टार्स’मध्ये गेले, मग स्वतःचा बँड काढला. १९६४ मध्ये डेक्का कंपनीने त्यांची एक तबकडी काढली, ती चालली नाही. अमेरिकेत निघालेल्या ‘बेस्ट ऑफ द बीटल्स’ या त्यांच्या अल्बमच्या नावाने अनेकांची फसगत झाली. नाव खोटे नव्हते, पण बीटल्सचे एकही ध्वनिमुद्रण त्यात नव्हते. या काळात त्यांना नैराश्यानेही ग्रासले होते. १९६८ मध्ये संगीत सोडून त्यांनी काही दिवस बेकरीत पावांचे ट्रे गाडीत चढवण्याचे काम केले. मग सरकारी रोजगार विनिमय केंद्रात सुमारे २० वर्षे नोकरी केली.

१९८८ पासून ते पुन्हा रंगमंचावर दिसू लागले आणि धाकटा भाऊ रोग याच्या साथीने ‘पीट बेस्ट बँड’ घेऊन जगभर फिरले. १९९५ च्या ‘अँथॉलॉजी १’ या बीटल्सच्या अल्बममध्ये त्यांच्या वादनाची दहा मुद्रणे घेतली गेली आणि बीटल्सच्या संगीतातून त्यांना प्रथमच मोठे मानधन मिळाले. मुखपृष्ठावरील जुन्या छायाचित्रात मात्र त्यांचा चेहरा फाडून तेथे स्टार यांचा दिसतो. फाडलेला हाच तुकडा बेस्ट यांनी २००८ मध्ये आपल्या ‘हेमन्स ग्रीन’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर छापला. २०११ मध्ये लिव्हरपूलमधील एका रस्त्याला ‘पीट बेस्ट ड्राइव्ह’ असे नाव देण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी जाहीर कार्यक्रमांतून निवृत्ती घेतली.