कणत्वरकाच्या चुंबकासाठी पोलाद : कोलकात्यातील दोन सायक्लोट्रॉनचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
भारतीय अणुविज्ञानाच्या इतिहासलेखनात शास्त्रज्ञ, संस्था व शासकीय धोरण यांना मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. ज्या धातूवर या संशोधनाची यंत्रे उभी राहिली, त्याच्या पुरवठ्याचा विचार मात्र त्या मानाने अल्प झाला. प्रस्तुत लेखात कोलकाता येथील दोन सायक्लोट्रॉनच्या आधारे हा प्रश्न तपासला आहे. या दोन्ही यंत्रांच्या उभारणीत मुंबईचा वाटा होता, ही बाब महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय होय.

चुंबकास योग्य पोलाद :
सायक्लोट्रॉनमध्ये विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रामुळे वर्तुळाकार मार्गाने फिरतात व प्रत्येक फेरीत त्यांची ऊर्जा वाढते. क्षेत्रात थोडा दोष असला तरी कण मार्गावरून ढळतात. म्हणून पूल वा इमारतीचे पोलाद येथे उपयोगी पडत नाही. पोलादास बळकटी देणारा कार्बन चुंबकीय गुणांस मारक ठरतो, तर ओतकामात राहिलेली पोकळी क्षेत्र असमान करते. अत्यल्प कार्बन, सर्वत्र एकसारखी घडण आणि प्रचंड आकार या तिन्ही अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. शिवाय अशी मागणी एकदाच येते. लाखो टन उत्पादन करणाऱ्या कारखान्यास दोन-अडीचशे टनांच्या कामात व्यापारी लाभ नसतो.

आयातीवरील अवलंबन :
डॉ. मेघनाद साहा यांनी इ. स. १९४० च्या सुमारास कोलकाता विद्यापीठात सायक्लोट्रॉन उभारण्याचे ठरविले. त्यासाठी मुंबईच्या सर दोराबजी टाटा ट्रस्टने ६०,००० रुपयांचे साहाय्य दिले. अर्नेस्ट लॉरेन्स यांच्याकडे बर्कले येथे शिक्षण घेतलेले बी. डी. नागचौधुरी इ. स. १९४१ मध्ये परतले. चुंबकाचे साहित्य अमेरिकेतून येऊन पोहोचले. परंतु निर्वात पंप आणणारे जहाज महायुद्धात बुडाले. पैसा व ज्ञान हाती असूनही यंत्र कार्यान्वित होण्यास अनेक वर्षे लागली.

स्वदेशी निर्मिती :
दुसऱ्या प्रयत्नाचे नेतृत्व मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने केले. बर्कलेच्या ८८ इंची यंत्राच्या धर्तीवर २२४ सेंटिमीटर ध्रुवव्यासाच्या सायक्लोट्रॉनची आखणी झाली. त्याच्या सुमारे २६२ टन वजनाच्या चुंबकाचे लोहकाम रांची येथील हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये झाले. इ. स. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या सार्वजनिक उद्योगाचा ओतकाम व घडाईचा विभाग चेकोस्लोव्हाकियाच्या साहाय्याने उभा राहिला होता. पोलाद कारखान्यांची अवजड यंत्रे बनविण्यासाठी आलेली क्षमता अशा रीतीने मूलभूत विज्ञानाच्या कामी आली. जून १९७७ मध्ये या यंत्रात पहिला कणप्रवाह मिळाला.

निष्कर्ष :
पहिल्या यंत्राची उभारणी सागरी मार्गाच्या सुरक्षिततेवर अवलंबून राहिली. दुसऱ्याचा चुंबक देशातील भट्टीतून व कारागिरांच्या हातून आला. पुढे युरोपातील सर्न संस्थेनेही आपल्या महाकाय कणत्वरकाच्या चुंबकांचे पोलाद स्वतः खरेदी करून ते चुंबक बांधणाऱ्या कारखान्यांना पुरविले. यावरून प्रगत देशांतही हा प्रश्न केवळ बाजारावर सोपविला जात नाही, हे दिसून येते. वैज्ञानिक स्वावलंबनाचा इतिहास लिहिताना प्रयोगशाळेइतकेच ओतशाळेलाही स्थान देणे आवश्यक आहे.