देवी गेल्या, कांजिण्या राहिल्या

महादेवाच्या डोंगररांगेच्या उत्तरेस, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात, बाणगंगेच्या काठी वसलेल्या फलटणचा इतिहास सांगू लागल्यास नाईक निंबाळकरांचे पुरातन घराणे, सईबाईसाहेबांचे माहेर, श्रीरामाचे मंदिर आणि महानुभावांची तीर्थस्थाने यांचा उल्लेख कोणीही करील. परंतु याच नगराच्या वाड्यांतून आणि भोवतालच्या खेड्यांतून, तापाने फणफणलेल्या व पुरळाने व्यापलेल्या लेकरांच्या उशाशी बसून ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या रात्री जागून काढल्या, त्यांच्या शुश्रूषेची हकीकत कोणत्याही संस्थानी दप्तरात सलगपणे सापडावयाची नाही. ती रीतिरिवाजांतून, सोवळ्याओवळ्याच्या नियमांतून आणि म्हाताऱ्या बायकांच्या सांगण्यातूनच वेचावी लागते.

कांजिण्या हा तसा सौम्य रोग. पण त्याचा इतिहास देवीच्या भयंकर रोगापासून वेगळा काढता येत नाही, कारण दोहोंचा हंगाम एकच. थंडी ओसरू लागली की माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत दोन्ही साथी गावोगाव फिरत, आणि मुलाच्या अंगावर पहिला फोड दिसताच घरातील वडीलधाऱ्या बाईपुढे जो प्रश्न उभा राही त्यावर त्या मुलाचे प्राण, डोळे आणि रूप अवलंबून असे. फोड छातीपोटावर अधिक असतील, कातडीवर ठेवलेल्या पाण्याच्या थेंबासारखे वरवरचे असतील, आणि एकीकडे खपली धरत असता दुसरीकडे नवे उमटत असतील, तर त्या कांजिण्या; तेच जर चेहरा, हातपाय, तळहात आणि तळपाय यांवर दाटले असतील, खोल व कठीण लागत असतील, आणि सगळे एकदमच पिकत असतील, तर त्या देवी. हे ज्ञान ग्रंथावाचून मिळालेले होते, आणि पुढे रोगनिर्मूलनाच्या सरकारी मोहिमेत कर्मचाऱ्यांना शिकविलेली लक्षणे याहून फारशी निराळी नव्हती.

पाश्चात्त्य वैद्यकालाही हा भेद काटेकोरपणे मांडावयास पुष्कळ अवधी लागला. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने लंडनच्या वैद्यमंडळापुढे कांजिण्या या देवीहून स्वतंत्र आहेत असे प्रतिपादन केले ते 1767 साली. आणि त्याच वर्षी, त्याच मंडळास अर्पण केलेल्या पुस्तिकेत, बंगालमध्ये नोकरी केलेल्या हॉलवेल या गृहस्थाने तेथील टीकादार लोक देवीचे बीज हातावर कसे टोचीत, रोग्याला थंड पाण्याने कसे न्हाऊ घालीत आणि शीत आहारावर कसे ठेवीत याचे वर्णन केले. आपल्याकडे माधवनिदान या वैद्यकग्रंथात मसूरिकेस, म्हणजे देवीसारख्या पुरळाच्या रोगास, स्वतंत्र अध्याय मिळाला होता, आणि सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या ग्रंथातील त्या प्रकरणात शीतला देवीचे नाव आणले. शास्त्र आणि दैवत यांची अशी एकाच उंबरठ्यावर गाठ पडल्यामुळे, घराघरांतील उपचारांत औषध कोठे संपते आणि पूजा कोठे सुरू होते हे सांगणे कठीण झाले.

त्या उपचारांचे स्वरूप मात्र नीट पाहण्याजोगे आहे. अंगावर फोड उठून ‘बाया आल्या’ असे म्हणताच मुलाचे अंथरूण माजघराच्या एका कोपऱ्यात वेगळे केले जाई, दाराच्या चौकटीस कडुलिंबाचा डहाळा बांधला जाई, अंथरुणावर त्याच झाडाचा कोवळा पाला पसरला जाई, आणि खाज असह्य झाली म्हणजे नखे लागू न देता पाल्याचीच जुडी अंगावरून हळूहळू फिरविली जाई. चुलीवर फोडणी पडत नसे, तळण बंद असे. पेज, ताक, दहीभात यांवर मुलाला ठेवीत. बाहेरून आलेल्याने पायांवर पाणी घेतल्यावाचून आत येऊ नये, परक्याने तर उंबरठाच ओलांडू नये, घरात भांडणतंटा होऊ नये, आणि मुलगा कितीही किरकिरला तरी त्याच्यावर आवाज चढवू नये, कारण त्याच्या देही देवी पाहुणी आली आहे. खपल्या वाळून गळू लागल्या की पाला घालून तापविलेल्या पाण्याने न्हाऊ घालून, देवीची ओटी भरून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून तिची बोळवण करीत.

या आचाराला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणारांशी माझे जमत नाही. विषाणू ही वस्तू ज्यांच्या कल्पनेतही नव्हती त्यांनी रोग्याचे विलगीकरण साधले. आणि ते उठविण्याची वेळ खपल्या धरल्यावरची ठरविली, जी आजचे वैद्यकही मान्य करते. आजारी लेकराला रागावू नये हा नियम तर कोणत्याही इस्पितळाच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचा आहे. परंतु याच आचाराने हानीही केली, आणि तीही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. देवीचा कोप होईल म्हणून औषध वर्ज्य, वैद्य वर्ज्य. केस-नखे कापावयाची नाहीत, अंगाला पाणी लावावयाचे नाही. वाढलेल्या नखांनी फोड खाजविले जात, त्यांत पू होई, आणि साध्या कांजिण्यांनीही जन्मभराचे वण राहत. कोणाला श्वास लागे, कोणाची शुद्ध हरपे, आणि वैद्याकडे धावण्याची ती वेळ नैवेद्याच्या तयारीत निघून जाई.

शिवाय धावपळ करून जावयाचे कोठे, हाही प्रश्नच होता. 1901 च्या खानेसुमारीप्रमाणे फलटण संस्थान म्हणजे 397 चौरस मैलांचा मुलूख, एक शहर, 72 खेडी आणि 45,739 माणसे. मोठे इस्पितळ पाहिजे तर बैलगाडीने लोणंद स्थानक गाठून पुण्यास ससूनमध्ये जावे, नाहीतर उलट्या दिशेने मिरजेस डॉक्टर वॉन्लेस यांच्या मिशन इस्पितळात. तापाने तळमळणाऱ्या मुलास घेऊन असा प्रवास करण्याचे धैर्य आणि ऐपत किती रयतेस असणार?

देवीची लस मात्र गावी चालत आली. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर व्हिएन्ना, बगदाद, बसरा या मार्गाने आलेली जेन्नरची लस यशस्वी झाली, आणि तिच्या दंडावरील फोडातूनच ती देशभर गेली. पुष्कळ वर्षे ही लस एका बालकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशीच नेली जाई. आपल्या मुलाचा फोड परक्यासाठी फोडला जावा हे आईला रुचत नसे, आणि कोणत्या जातीच्या मुलाची लस आपल्या मुलास टोचली याचीही कुरकुर होई. पुढे वासराच्या अंगावर लस वाढविण्याची पद्धत आली, बेळगावास त्यासाठी सरकारी संस्था निघाली, आणि हा विरोध ओसरला. ब्रिटिश मुलखातील 1880 चा लस टोचण्याचा कायदा संस्थानांना आपोआप लागू नव्हता. तेथे दरबारचा हुकूम आणि पाटील-कुळकर्ण्यांचा दाब यांवरच ‘देवी काढण्याचे’ काम चाले. उन्हाने लस बिघडते म्हणून टोचणारे हिवाळ्यात फिरत. चावडीपुढे मुले गोळा होत, आणि कित्येक आया लेकरांना घेऊन शेताकडे निघून जात.

फलटण 1948 साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1962 मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या अखेरच्या पर्वात कांजिण्यांना एकाएकी महत्त्व आले. कर्मचारी देवीच्या रोग्याचे चित्र हाती घेऊन घरोघर विचारीत, ताप-पुरळाची प्रत्येक वर्दी तपासीत, शंका आली तर खपल्या प्रयोगशाळेकडे धाडीत. कांजिण्यांनी मृत्यू झाल्याचे कळले तर तो देवीचाच असावा असे धरून चौकशी होई. खबर देणाऱ्यास हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले तेव्हा शोधास निघालेल्यांना पुष्कळदा सापडल्या त्या कांजिण्याच. मे 1975 नंतर देशात देवीचा स्थानिक रोगी आढळला नाही, आणि मे 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व पृथ्वी देवीमुक्त झाल्याचे घोषित केले.

देवी गेल्या; त्यांच्यासाठी रचलेला सगळा आचार कांजिण्यांच्या वाट्याला आला. त्यांतील कडुलिंब, विलगीकरण आणि मायेची वागणूक अवश्य ठेवावी. नखे मात्र पहिल्याच दिवशी कापावीत, रोज कोमट पाण्याने हलके अंग धुवावे, तापावर पॅरासिटामॉल द्यावे. अ‍ॅस्पिरिन मुलांना कदापि देऊ नये, कारण त्याने यकृत व मेंदू यांस घातक विकार जडू शकतो. प्रौढ माणूस, गर्भवती आणि तान्हे मूल यांना हा रोग सौम्य राहीलच असे नाही. त्यांना पुरळ दिसताच डॉक्टरांकडे न्यावे, कारण विषाणूवरील औषध पहिल्या दिवसांतच खरे गुणकारी ठरते. 1964 साली ह्यूस्टन येथे आपल्या तीन वर्षांच्या मुलास कांजिण्यांनी तळमळताना पाहिलेल्या मिचिआकी ताकाहाशी या जपानी डॉक्टराने पुढे दहा वर्षांत त्यावर लस सिद्ध केली. ती आपल्याकडे खाजगी डॉक्टरांकडे मिळते. सरकारच्या मोफत लसीकरणात तिचा समावेश अद्याप नाही, आणि तो व्हावा असे मला मनापासून वाटते.

आणखी एक गोष्ट त्या उशाशी बसणाऱ्या बायकांविषयी. जिला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या आहेत तिनेच रोग्याजवळ बसावे हा शहाणपणाचा संकेत. परंतु एकदा आलेला विषाणू देहातील मज्जातंतूंत दडून राहतो आणि उतारवयात कमरेला वा छातीला वेढणाऱ्या नागिणीच्या रूपाने पुन्हा उठतो. त्या फोडांतूनही नातवंडाला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून आजीला नागीण झाली तर फोड झाकून ठेवावेत, खपल्या धरेपर्यंत तान्ह्या मुलाला तिच्या मांडीवर देऊ नये, आणि शाईने वा काजळाने नागिणीचे तोंड बांधण्यात दिवस न दवडता पहिल्या तीन दिवसांच्या आत आजीला दवाखान्यात न्यावे.