एकोणसत्तर आणि एकाहत्तर

माझी धाकटी बहीण हैदराबादेत बरकतपुऱ्याला असते. लग्न होऊन गेली तेव्हा आम्हां गोंयकारांना वाटले, पोर परमुलखात पडली. पण काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा या पट्ट्यात मराठी घरे जुनी आहेत. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. शिकायला, नोकरीला माणसे इकडेच यायची. विवेकवर्धिनी शाळा १९०७ सालची. त्यामुळे तिच्या घरात आमची कोकणीमिश्रित मराठी, भावोजींची नांदेडकडची मराठी, गल्लीत दखनी आणि शेजारी तेलुगू असा सगळा संसार आहे. आठ वर्षांचा भाचा या चारही भाषांत भांडतो. शाळा मात्र इंग्रजी.

गेल्या वर्षी तिचा फोन आला. "दादा, शाळेने याची बुद्धी मोजून आणायला सांगितलंय." मोजून आणली तर बुद्ध्यंक निघाला ७४. शाळा म्हणाली, वेगळ्या शाळेचा विचार करा. भावोजींनी दोन दिवस जेवण धड घेतले नाही. मी रजा टाकून गेलो.

पोराला विचारले, बाबा, तिथे काय विचारले रे? तो म्हणाला, "मामा, त्या बाई म्हणाल्या वुड आणि कॉल यांत सारखं काय. मी म्हटलं दोन्ही घरात असतात." बाईंनी 'कोल' म्हटले होते, म्हणजे कोळसा. ह्याने ऐकला टेलिफोनचा कॉल! खाली कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या पेटीत कोळसा फुलताना तो रोज बघतो. मराठीत विचारले तेव्हा ताडकन म्हणाला, "दोन्ही जळतात." पुढे नांदेडकडच्याच एका तज्ज्ञ बाईंनी त्याची मराठीतून चाचणी घेतली, तेव्हा आकडा आला ९१. पोर तेच, डोके तेच. बहिणीने मला विचारले, "यातला खरा कुठला?" मी कारकून माणूस, कलाशाखेचा पदवीधर. काय सांगणार? पण परत आल्यावर वाचत सुटलो.

या कसोट्यांचे मूळ पॅरिसचे. आल्फ्रेद बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पहिली मोजपट्टी केली, तीही वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना जास्तीची मदत मिळावी म्हणून. बुद्धी ही जन्मठेपेसारखी कायमची ठरलेली असते, हे बिनेला मान्य नव्हते. अमेरिकेत टर्मनने १९१६ साली तिचा स्टॅनफर्ड अवतार काढला आणि मदतीची पट्टी हळूहळू निवडीची चाळण झाली.

आपल्याकडे ती कशी आली, ही गोष्ट मला फार जवळची वाटली, कारण ती आमच्या घाटापलीकडे, धारवाडात घडली. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या हजाराच्या आसपास मुलांवर बिनेची कसोटी पारखून घेतली. १९३४ साली त्यावर त्यांचा निबंध आला, १९४० साली ऑक्सफर्डने पुस्तक काढले. नुसते भाषांतर करून भागत नाही, आपल्या मुलांचे मोजमाप आपल्या मुलांवरूनच ठरवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. बिने-कामत कसोटी म्हणून ती पुढे देशभर दवाखान्यांत वापरली गेली. आणि गंमत तिथेच आहे. १९३० च्या दशकातील धारवाडच्या पोरांवर बेतलेल्या आकड्यांनी कितीतरी वर्षे बिहारपासून केरळापर्यंतची मुले मोजली गेली. कामतांचा यात काय दोष? दुसऱ्यांनी नवे माप बांधले नाही, त्याला ते काय करणार!

तसे प्रयत्न अगदीच झाले नाहीत असे नव्हे. चंद्रमोहन भाटियांनी १९५५ साली ठोकळे, चित्रे, आकृती यांची कसोटी केली, साक्षर आणि निरक्षर मुलांसाठी प्रमाणके वेगवेगळी ठेवली. पण ती ११ ते १६ वर्षांच्या मुलग्यांवर, मुली नाहीतच. नागपूरला डॉ. मालिन यांनी १९६९ साली वेक्सलरच्या कसोटीला भारतीय रूप दिले.

जुन्या मापाचा घोटाळा मात्र वाटतो त्याच्या उलटा आहे. जेम्स फ्लिन या अभ्यासकाने १९८४ साली दाखवले की अमेरिकेत पिढ्यांमागून पिढ्या गुण चढत गेले, दहा वर्षांना साधारण तीन या गतीने. म्हणजे जुन्या पट्टीवर आजचे मूल असते त्याहून हुशार दिसते. परकी भाषा आकडा खाली ओढते, शिळे प्रमाणक वर ढकलते. एकाच पोराला दोन्ही लागले तर हाती काय राहते?

कोर्टातसुद्धा याचा निकाल एका तोंडाने लागलेला नाही. कॅलिफोर्नियात 'लॅरी पी.' खटल्यात १९७९ साली न्यायाधीशांनी सांगितले की या कसोट्यांच्या आधारे काळ्या मुलांना मंदबुद्धी वर्गात घालता येणार नाही. पुढच्याच वर्षी शिकागोच्या न्यायाधीशांनी एकेक प्रश्न स्वतः वाचून काढला आणि थोडे प्रश्न सोडले तर पक्षपात दिसत नाही असे ठरवले. मला दुसऱ्याची चिकाटी आवडली, पण निकाल पटला नाही. पांढरपेशा न्यायाधीशाला वाचताना प्रश्न सरळ वाटला, एवढ्याने तो पोरालाही सरळ वाटतो असे थोडेच! भाच्याचा 'कॉल' कागदावर कुठे दिसला असता?

आता हे मला एवढे का लागले, ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या टेबलावर अपंगत्वाच्या सवलतींचे अर्ज येत. तेव्हा २००१ ची मार्गदर्शक तत्त्वे चालू होती. बुद्ध्यंक ५० ते ६९ म्हणजे ५० टक्के अपंगत्व. ७० ते ७९ म्हणजे २५ टक्के. सवलतीला किमान ४० लागत. एका आठवड्यात दोन आया आल्या होत्या. एकीच्या मुलाच्या दाखल्यावर ६९, दुसरीच्या मुलीच्या दाखल्यावर ७१. पहिला अर्ज मी पुढे पाठवला, दुसऱ्यावर "पात्र नाही" असे लिहिले. बाई म्हणाली, "साहेब, दोनच गुण." मी म्हटले, नियम आहे बाई. माझे अक्षर चांगले आहे, तो शेरा फार सुबक आला होता.

२०१६ च्या कायद्यानंतर, २०१८ पासून मूल रोजचे व्यवहार कसे करते तेही मोजायला लागले, आणि ते बरेच झाले. पण त्या ७१ चे काय? ती मुलगी घरात कुठली भाषा बोलायची आणि चाचणी कुठल्या भाषेत झाली, हे मी विचारले नव्हते. अर्जात तसा रकानाच नव्हता.

भाचा त्याच शाळेत आहे. ९१ चा कागद दाखवल्यावर शाळा गप्प बसली. बहिणीने दोन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले आहेत. मी म्हटले, ७४ चा फाडून टाक. म्हणाली, "नको दादा, असू दे."