नारायणगावची इंडेज

निरगुडसरच्या आमच्या घरात माळ्यावर एक हिरवी बाटली होती. रॉकेल ठेवायला ती वापरायचे. रिकामी असली तरी हाताला जड लागायची. तळाशी आत गेलेला खोल खळगा होता, त्यात माझा अंगठा आख्खा बसायचा. आजी म्हणायची, "ही ठेव बाबा जपून, अशी बाटली परत मिळायची नाही." कुणा पाहुण्याने ती नारायणगावहून आणली होती, एवढंच तिला माहीत होतं. बाटलीची काच एवढी जाड का, हे मला फार पुढे समजलं. तिच्यात भरलेली फेसाळती वाईन मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुप्पट-तिप्पट दाबाखाली असते. साधी बाटली त्या दाबाने फुटली असती.

ती बाटली इंडेजची होती. कागदोपत्री 'शॅम्पेन इंडेज लिमिटेड', बाटलीवर 'शातो इंडेज' आणि शेवटी 'इंडेज व्हिंटनर्स'. आमच्या भागात मात्र तिला नुसतं इंडेजच म्हणत. पुण्याहून नाशिकला जाणाऱ्या एसटीत नारायणगाव जवळ आलं की कुणीतरी खिडकीतून बोट दाखवायचं आणि सांगायचं, इथली दारू परदेशात जाते. त्या सांगण्यात थोडा संकोच असायचा, आणि अभिमान त्याहून जास्त. माळकरी घरातली माणसंसुद्धा हे सांगायची.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शामराव चौगुले यांनी हे काम हाती घेतलं. तेव्हा देशात पिण्याजोगी, जगाला दाखवण्याजोगी वाईन जवळजवळ नव्हतीच. चौगुल्यांनी फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतातल्या 'पायपर-हाइडसीक' या जुन्या कंपनीचं तांत्रिक साहाय्य मिळवलं आणि जागा निवडली ती मीना नदीकाठच्या नारायणगावची. जुन्नर तालुका द्राक्षाला नवा नव्हता. हिवाळ्यात कोरडी हवा, थंड रात्री, उताराच्या निचऱ्याच्या जमिनी आणि मुंबई-पुण्याला जोडणारा रस्ता. शार्दोने, पिनो न्वार, उनी ब्लाँ अशी तोंडात न बसणारी नावं असलेल्या वेली इथे आल्या. दशकाच्या मध्यावर 'ओमर खय्याम' नावाची फेसाळती वाईन बाटलीत उतरली आणि युरोपात जाऊ लागली. देशातल्या गिऱ्हाइकासाठी 'मार्क्विस द पॉम्पादूर' होती.

ही वाईन होते कशी, ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातच दडलेलं आहे. फेसाळत्या वाईनची द्राक्षं थोडी आधीच तोडतात, साखर १८-१९ ब्रिक्सला असताना, आंबटपणा टिकून असताना. रस काढायचा, टाकीत आंबवायचा, त्याची साधी वाईन करायची. मग ती बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालायचं आणि बाटली बंद करायची. आता आंबवण बाटलीच्या आतच पुन्हा सुरू होतं. निघालेल्या वायूला बाहेर वाट नसते, तो वाईनमध्येच मुरतो. मेलेल्या यीस्टचा गाळ खाली बसतो. तो काढायचा कसा? घडीच्या शिडीसारख्या उभ्या लाकडी फळ्यांना भोकं पाडलेली असतात. त्यांत बाटल्या मानेकडून खोचून ठेवतात आणि रोज हाताने थोड्या थोड्या फिरवत, थोड्या उभ्या करत नेतात. काही आठवड्यांनी बाटली पूर्ण उलटी होते आणि गाळ मानेशी येतो. मान गोठवायची, झाकण काढायचं, गाळाचा बर्फ आतल्या दाबाने फटकन बाहेर उडतो. मोकळी झालेली जागा वाईनने भरायची, बूच बसवायचं, वर तार आवळायची. चांगल्या फेसाळत्या वाईनमध्ये द्राक्ष तोडल्यापासून बाटली विकेपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात, कधी त्याहून जास्त.

या दीड-दोन वर्षांत पैसा तळघरात पडून असतो. द्राक्षवाल्याचे पैसे मात्र मार्चमध्येच द्यायचे असतात. बँकेचं व्याज महिन्याच्या महिन्याला चढत असतं. वाईनच्या धंद्याचं सगळं दुखणं या अंतरात आहे. वेलीपासून पेल्यापर्यंतचं अंतर दिवसांचं असतं, मैलांचं असतं आणि उधारीचंही असतं. मला वाटतं, कोणती वायनरी टिकली आणि कोणती बुडाली, याचं उत्तर चवीत शोधण्याआधी या अंतरात शोधावं.

दुसरं अंतर शेतकऱ्याच्या बांधावर दिसतं. आमच्याकडे खाण्याची द्राक्षं करणारा माणूस वर्षभर मण्याचा आकार वाढवण्यासाठी झटतो. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग विरळणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणं. मणी फुगला पाहिजे, बी नको, साल पातळ हवी. वाईनच्या द्राक्षाचं सगळं उलटं. मणी बारीक, बी असलेला, साल जाड, साखर २२-२४ ब्रिक्सपर्यंत चढलेली, आणि उतारा मुद्दाम कमी ठेवलेला. वेल धरायला दोन-तीन वर्षं. एवढं करून तो माल बाजारात कुणी खायला घेत नाही आणि बी असल्यामुळे त्याचा बेदाणाही होत नाही. खाण्याचं द्राक्ष व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसरा व्यापारी असतो, मुंबईची बाजारपेठ असते, शेवटी बेदाण्याचं शेड असतं. वाईनच्या द्राक्षाला एकच दार असतं. ते बंद झालं की बाग पिकून उभी राहते आणि नेणारं कुणी नसतं.

निरगुडसर हा उसाचा पट्टा, शेजारी पारगावला भीमाशंकर कारखाना. त्यामुळे आम्हाला ही तुलना लगेच सुचते. ऊसही एका दाराचंच पीक आहे, तोडल्यावर थांबत नाही. पण उसाच्या मागे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश उभा आहे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत, नाहीतर १५ टक्के व्याज. सगळीकडे हा नियम पाळला जातो असं नाही, त्यासाठी आंदोलनं करावी लागतात, पण बोट ठेवायला एक कलम तरी आहे. शिवाय सहकारी कारखान्यात ऊस घालणारा सभासद असतो, सर्वसाधारण सभेत उठून विचारू शकतो. वाईनच्या द्राक्षाला ना किमान भाव, ना १४ दिवस. त्याच्या हातात फक्त कराराचा कागद असतो.

इंडेजची पहिली वीस वर्षं सावकाश गेली. 'रिव्हिएरा', 'शांतिली' अशा रोजच्या वाईन आल्या आणि मोठ्या हॉटेलांच्या यादीत बसल्या. पिणारे मूठभर, कर जबर, आणि दुकानदाराला बाटली उन्हात ठेवू नये हेही शिकवावं लागायचं. हा रस्ता आधी इंडेजने पाडला, आणि त्यावरून पुढे बाकीचे गेले. इथे शिकलेली माणसं पुढे दुसऱ्यांच्या वायनरींत कामाला लागली. हे ऋण मोठं आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

२००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. अबकारी करात सवलत मिळाली, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाईन पार्क झाले. वाईनचे दिवस आले असं सगळ्यांनाच वाटलं. इंडेजमध्ये रणजित चौगुले पुढच्या पिढीची सूत्रं सांभाळत होते. कंपनी शेअर बाजारात होती, मुंबईत स्वतःची उपाहारगृहं निघाली, देशातल्या सर्वांत मोठ्या वाईन कंपन्यांत तिचं नाव घेतलं जायचं. मग ती समुद्रापार गेली. इंग्लंडमधली वितरण कंपनी घेतली, ऑस्ट्रेलियातल्या वायनरी घेतल्या. नारायणगावच्या माणसाने ऑस्ट्रेलियातली वायनरी विकत घ्यावी, ही बातमी वाचून आमची छाती फुगली होती, हे मला नीट आठवतं.

पण अंतर तेवढंच वाढलं होतं. २००८ च्या उत्तरार्धात जगभर मंदी आली. त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि ज्या पंचतारांकित हॉटेलांवर भारतीय वाईनचा मोठा खप उभा होता, ती ओस पडली. टाक्या भरलेल्या, तळघरं भरलेली, नवी द्राक्षं तोडणीला आलेली, कर्जाचे हप्ते मात्र थांबत नव्हते. बंद पडलेल्या मंडईत भाजीवाला माल टाकून घरी जाऊ शकतो, वाईनवाल्याला तसं जाता येत नाही, त्याचा पुढचा हंगाम वेलीवर लगडलेला असतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत घेणेकरी न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला आणि मालमत्ता सरकारी अवसायकाकडे गेली.

तोच पाऊस सगळ्यांवर पडला होता, मग बाकीचे कसे उभे राहिले? नाशिकला राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर वाईनची द्राक्षं लावली आणि २००० मध्ये पहिली वाईन काढली. आईच्या सुलभा या नावावरून 'सुला'. २००५ मध्ये त्यांनी वायनरीतच वाईन चाखण्याची खोली उघडली. सुट्टीच्या दिवशी मुंबईची माणसं गाडी काढून येऊ लागली, बाग बघत पिऊ लागली, जाताना डिकीत बाटल्या टाकून नेऊ लागली. रोख पैसे, मध्ये ना हॉटेल ना वितरक. नारायणगावलाही वायनरी बघायला माणसं यायची, ती सोय इंडेजनेही केली होती, पण धंद्याचा कणा तो नव्हता. सुलाने फाटकाजवळचं गिऱ्हाईक कणा मानलं. द्राक्षासाठी शेतकऱ्यांशी लांब मुदतीचे करार केले. डिसेंबर २०२२ मध्ये सुला शेअर बाजारात आली.

अकलूजच्या 'फ्रातेल्ली'ने अंतर दुसऱ्या टोकाने कमी केलं. मोहिते-पाटील घराणं, सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू एकत्र आले आणि त्यांनी स्वतःच्याच बागा उभ्या केल्या. द्राक्ष आपलंच, त्यामुळे मार्चचं बिल कुणाच्या दारात थकत नाही.

बिअरची गोष्ट तर आणखी सोपी. पुण्यात २००९ मध्ये 'डूलाली' सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या क्राफ्ट ब्रुअरींपैकी एक. आपल्या देवळाली छावणीच्या नावाचा गोऱ्या शिपायांनी जो अपभ्रंश केला, तेच नाव. तिथे बिअर टाकीत तीन-चार आठवडे राहते आणि तिथल्या तिथे नळातून पेल्यात पडते. सुरुवातीला बाटलीत भरून बाहेर विकायची परवानगीच नव्हती. ही अडचण होती, पण तिने एक शिस्तही लावली. गेल्या महिन्यात किती खपलं, हे पुढच्या महिन्याची टाकी लावण्याआधी समजतं. टाकी फसली तर नुकसान एका टाकीचं होतं. तरीही अशा कितीतरी जागा पुण्यात बंद पडल्या. बिअर वाईट होती म्हणून थोड्याच बंद पडल्या असतील, जागेचं भाडं, परवान्याचं शुल्क आणि आतली सजावट यांत पैसा आधीच अडकलेला असला की चांगली बिअरही तारत नाही. डूलाली पुढे मुंबईत गेली, २०१५ मध्ये अंधेरीला तिचं दुकान उघडलं आणि मग एकेक करत वाढलं. एक चाललं, मग दुसरं.

इंडेजबद्दल लिहिताना माझं मन दुखतं. तिचं स्वप्न खोटं नव्हतं. ओमर खय्यामची बाटली युरोपातल्या टेबलावर गेली आणि तिचं द्राक्ष आपल्या मातीत पिकलं होतं, हे कोणत्याही अवसायकाला पुसता येणार नाही. पण ते द्राक्ष पिकवणाऱ्याला १४ दिवसांचं एखादं कलम मिळवून देणं आपल्याला, सरकारला आणि बागायतदार संघांना, तेव्हा सुचलं नाही आणि अजूनही ते झालेलं नाही.

वाईनच्या द्राक्षाचा भाव पडला तेव्हा अनेकांनी बागा मुळासकट काढल्या. ज्यांना ते जिवावर आलं, त्यांनी दुसरी वाट धरली. वेल खोडापर्यंत कापायची आणि त्याच खुंटावर खाण्याच्या जातीची काडी भरायची. कलम बांधायला धारदार चाकू, प्लास्टिकची पट्टी आणि सकाळचा गारवा लागतो. पंधरा-वीस दिवसांत डोळा फुगतो. जुन्नरच्या मळ्यांत आज जंबो जातीची काळी द्राक्षं पिकतात, व्यापारी बांधावर येऊन पेट्या भरून नेतात.