घसरणारा क्लच : एका निदानपद्धतीचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजी हे गाव मलकापूर व नांदुरा यांच्या दरम्यान, पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ व आता ५३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मार्गावर वसले आहे. भोवतालचा प्रदेश पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट, काळ्या कपाशीच्या जमिनीचा. या भूगोलाचा मोटरसायकलच्या क्लचशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. सपाट रस्त्यावर एकटा स्वार असता घसरू लागलेला क्लच महिनोन्महिने लपून राहतो. तीच गाडी दोघांना घेऊन मोताळ्यावरून राजूर घाट चढू लागली की दोष उघडा पडतो. पावसाळ्यात शेताच्या पांदणीत काळी माती चाक व मडगार्ड यांच्यामध्ये गच्च बसते, चाक फिरेनासे होते, आणि चालक क्लच अर्धा दाबून इंजिनाचा वेग वाढवीत राहतो. चकत्या तापून करपतात त्या अशा वेळी. नाव मात्र घाटाचे होते.

क्लच घसरणे म्हणजे इंजिनाचा आवाज चढत जाणे, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात न वाढणे. घर्षणाच्या चकत्या व लोखंडी चकत्या एकाआड एक रचून स्प्रिंगांनी दाबलेल्या असतात. हा दाब किंवा हे घर्षण कमी पडले की शक्ती चाकापर्यंत पुरती पोचत नाही. गावातील मिस्त्री याला 'गाडी ओढत नाही' असे म्हणतो, आणि हे वर्णन शास्त्रीय व्याख्येहून फारसे उणे नाही.

जुने मिस्त्री खरे कारागीर होते, आजचे केवळ सुटे भाग बदलणारे आहेत, असे मत वारंवार ऐकू येते. ते तपासून घेणे अवश्य आहे. कारण कारागिराची योग्यता ठरविण्यापूर्वी त्याच्यापुढील यंत्र कोणते होते, हे पाहावे लागते. १९५५ साली मद्रास येथे एन्फिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून जावा गाड्या बाहेर पडू लागल्या व १९७३ पासून त्या येझदी या नावाने निघाल्या. १९६२ साली एस्कॉर्ट्स कंपनीने पोलिश नमुन्यावर राजदूत आणली. जावा, येझदी व राजदूत या दोन-स्ट्रोक गाड्यांत इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळले जाई आणि क्लच व गिअर यांचे तेल निराळे असे. चार-स्ट्रोक बुलेटमध्येही क्लचच्या कोठडीचे तेल इंजिनाच्या तेलापासून वेगळेच होते. त्यामुळे निदानाचा क्रम सोपा असे : वायरीचा ताण, बुचाच्या चकत्यांची झीज, स्प्रिंगांचा ढिलेपणा. जावाच्या काही नमुन्यांत गिअरचा दांडा हलविताच क्लच आपोआप सुटत असे. तेथे जुळणी बिघडली तर चांगल्या चकत्याही घसरत, एवढी एक भर. तेलावर संशय क्वचितच जाई. अर्थात बुलेटच्या कोठडीत भलतेच तेल ओतले तर क्लच तिथेही घसरे.

हा क्रम १९८५ साली बदलला. हिरो होंडा या तेव्हाच्या संयुक्त कंपनीची सी.डी. १०० ही चार-स्ट्रोक गाडी त्या वर्षी बाजारात आली. तीत इंजिन, गिअर व क्लच या तिघांना एकच तेल. पुढे मोटारींसाठी इंधन वाचविणारी, घर्षण कमी करणारी तेले प्रचारात आली. मोटारीत जो गुण, तो तेलात बुडालेल्या क्लचला अपायकारक ठरला. यावर उपाय म्हणून जपानमध्ये १९९८ साली जासो टी ९०३ हे प्रमाण निघाले व तेलांची एम.ए. आणि एम.बी. अशी वर्गवारी झाली. एम.ए. तेल तेलातल्या क्लचसाठी, एम.बी. त्याहून निसरडे, म्हणून अशा क्लचला वर्ज्य. डब्यावरील ही दोन अक्षरे वाचणे हे त्यानंतरच्या मिस्त्रीचे नवे कौशल्य होय, आणि जुन्याला त्याची गरजच नव्हती. कौशल्याचा ऱ्हास म्हणून जे दाखविले जाते, त्यातील पुष्कळसा भाग असा रोगच बदलल्याचा आहे.

तथापि आजच्या मिस्त्रीवरील एक आक्षेप टिकतो. पुष्कळदा पहिल्याच भेटीत गाडी उघडून नव्या चकत्या घातल्या जातात. वस्तुतः आधी लिव्हरच्या टोकाशी सुमारे १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल आहे की नाही, हे पाहावयास हवे. ती नसेल तर वायर क्लचला सतत किंचित उघडा ठेवते, आणि दोष विनामूल्य दूर होतो. त्यानंतर तेल. तेही योग्य असेल तरच कोठडी उघडावी : घर्षणचकत्यांची जाडी मोजावी, लोखंडी चकत्या सपाट काचेवर ठेवून वाकल्या आहेत का ते पाहावे, स्प्रिंगांची मोकळी लांबी तपासावी. जळून निळ्या पडलेल्या लोखंडी चकत्या तशाच ठेवून घर्षणचकत्या नव्या घातल्या, तर गाडी थोड्याच दिवसांत परत येते. नव्या चकत्या कोरड्या बसवू नयेत; त्या आधी तेलात भिजत ठेवाव्यात, आणि स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत.

महामार्गावर मालमोटार ओलांडण्याच्या क्षणी क्लच घसरला तर स्वाराजवळ मागे सरण्यास वेळ नसतो. वडनेरसारख्या सपाटीवरील गावात या निदानासाठी घाटाची वाट पाहण्याचे कारण नाही. वरच्या गिअरमध्ये मंद गतीने जात असता एकदम पेट्रोल दिले आणि आवाज गाडीच्या पुढे धावला, तर दोष आहे असे समजावे.