ईम गावचा रविवार



लेकीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा नुकतेच दशलक्षण पर्व सुरू झाले होते. ऑगस्टचा शेवटचा रविवार होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ईमच्या चर्चचा स्मृतिदिन आहे, येता का?" पर्वात चर्चला कशाला, असे मनात आले. पण लेक म्हणाली, "आई, गोष्ट ऐकशील तर नाही म्हणणार नाहीस." म्हणून गेले.

ईम हे डर्बिशायरच्या डोंगरातले लहान गाव. १६६५ साली इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापड आले. ओलसर होते म्हणून शेकोटीपुढे वाळत घातले. त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला. त्या घरातला जॉर्ज विकर्स ७ सप्टेंबरला वारला आणि मग घराघरांत मरण शिरले.

१६६६ च्या जूनमध्ये धर्मोपदेशक विल्यम मॉम्पेसन यांनी गावाला विनवले की कोणी बाहेर जाऊ नये, नाहीतर आजूबाजूची गावेही मरतील. त्यांचे आणि आधीचे धर्मोपदेशक थॉमस स्टॅनली यांचे पंथावरून पटत नव्हते, तरी या कामी दोघे एक झाले. प्रार्थना चर्चऐवजी कक्लेट डेल्फ या उघड्या घळीत होऊ लागली. ज्याने त्याने आपले मृत आपणच पुरायचे ठरले. शिवेवरच्या दगडाला भोके आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी ठेवलेले धान्य उचलायचे. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतः पुरली. मॉम्पेसन यांची पत्नी कॅथरीनही ऑगस्टमध्ये गेली. साथ ओसरेपर्यंत सुमारे २६० माणसे गेली होती.

एक गोष्ट मला खटकली. मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच बाहेरगावी धाडली होती. लोकांना थांबा म्हणणाऱ्याने असे करावे? पण मीही आई आहे, फार बोलवेना.

प्रार्थना त्याच घळीत झाली. लोक गवतावर बसले होते. गावातल्या विहिरींवर ओल्या मातीत फुलांच्या पाकळ्या दाबून चित्रे केली होती, अगदी आपल्या रांगोळीसारखी. कॅथरीनच्या थडग्यावर लाल गुलाब होते. मी मनातल्या मनात णमोकार म्हटला. त्याग हा शब्द दरवर्षी उत्तम त्यागाच्या दिवशी प्रवचनात ऐकते. त्या दिवशी तो डोळ्यांनी पाहिला.

पुढे २०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदी लागायच्या आदल्या दिवशी, आम्हीही सामान बांधून गावी निघालो होतो. गावी नव्वदीच्या सासूबाई. मला तो भोकांचा दगड आठवला. "आपणच आजार घेऊन गेलो तर?" मी ह्यांना विचारले. ह्यांनी उत्तर दिले नाही, पण बॅगा सोडायला घेतल्या.

त्या वर्षी सासूबाईंची क्षमा आम्ही फोनवरच मागितली.